एक पिन कमी भरते



परभाषेतले शब्द मराठीत येतात तेव्हा त्यांचे काय होते, याचा विचार आपण आतापर्यंत शब्दांच्या याद्यांवरून केला. याद्यांचा उपयोग आहेच. परंतु शब्द मुळात यादीत राहत नाहीत. ते माणसांच्या तोंडी आणि हाताशी राहतात. म्हणून या ठिकाणी मी तुम्हाला माझ्या घरातली एक हकीकत सांगणार आहे. ती एका जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची आहे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही आहे. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवून पंचवीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाने अशी चूक करावी, याची मला बरेच दिवस लाज वाटत होती. आता वाटते, की ती तुमच्यापुढे ठेवण्याजोगी आहे.

आमचे गाव बार्शी तालुक्यात आहे. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तेथे शेती पाहतात. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. १९८३ साली आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या हाताची तीन बोटे मळणी यंत्रात गेली. दादा तेव्हा बार्शीच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. त्यांनी परीक्षेचा अर्ज भरला नाही; पुस्तके माझ्या कोनाड्यात आणून ठेवली आणि औत धरले. तीन वर्षांनी मी पुण्याला शिकायला गेलो. १९८७ साली बँकेचे कर्ज काढून घरात ट्रॅक्टर आला. तोच ट्रॅक्टर अजूनही आमच्या शेतात चालतो. मधल्या काळात मी नोकरीला लागलो, प्रबंध लिहिला, घर बांधले. दादांनी त्या ट्रॅक्टरचे इंजिन दोनदा उतरवले.

गेल्या मे महिन्यात सुटीला गावी गेलो, तेव्हा ट्रॅक्टर तिसरा गिअर सोडू लागला होता. रिकामा चालताना काही जाणवत नसे. मागे कल्टिव्हेटर लावून जमिनीत उतरवला आणि ताण आला, की आतून ‘खट्’ असा आवाज होई, दांडा आपोआप न्यूट्रलला येई आणि ट्रॅक्टर तासातच थांबे. दादा कित्येक दिवस एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने तो दांडा दाबून धरत नांगरट करीत होते. तालुक्याच्या गॅरेजमध्ये ३२ हजारांचा खर्च आणि बारा दिवसांचा वायदा सांगितला गेला. मृग तीन आठवड्यांवर आला होता आणि अर्धी मशागत व्हायची होती. दादा म्हणाले, “घरीच खोलू. तू आहेसच हाताखाली.”

‘हाताखाली’ हा शब्द मी त्या दिवशी प्रथमच शब्दशः अनुभवला. आमच्या तिघांत कामाची वाटणी अशी झाली: दादा मिस्त्री, मी पाने देणारा आणि वहिनी हिशेब ठेवणाऱ्या. वहिनींविषयी येथेच सांगायला हवे. लग्नामुळे त्यांची शाळा नववीतच सुटली होती. मुलांची लग्नकार्ये उरकल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातले, पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पार केला, आणि त्या वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या. अंगणात त्यांनी चार गोणपाटे अंथरली, प्रत्येकाशेजारी खडूने क्रमांक घातला आणि एका शंभरपानी वहीत रकाने आखले: वस्तू, कोठून निघाली, किती निघाल्या, किती परत बसल्या. त्या वहीला या हकीकतीत फार महत्त्व आहे.

गिअर सुटण्याची कारणे अनेक असू शकतात. दांड्याचा तळ झिजलेला असेल. गिअरला जागेवर धरणाऱ्या पोलादी गोळीमागची स्प्रिंग मऊ पडली असेल. गिअर सरकवणारा काटा झिजला असेल. गिअरच्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील. किंवा बेअरिंग ढिले होऊन सगळा शाफ्टच मागेपुढे सरकत असेल. दादांनी हा विचार ज्या क्रमाने केला, तो मला संशोधनाच्या पद्धतीवरील व्याख्यानासारखा वाटला. स्वस्त आणि बाहेरचे आधी, महाग आणि आतले शेवटी. प्रथम त्यांनी तळाचा नट काढून तेल काढले आणि चिमटीत घेऊन उन्हात धरले. “राखाडी लगदा असला तर चालतो, ती झीज. चकाकणारे कण नकोत.” तेलात चकाकणारे कण होते. म्हणजे आत जाणे भाग होते.

वरचे झाकण उघडल्यावर मी प्रथमच आत पाहिले. तुम्हीही कधी पाहिले नसेल तर थोडक्यात सांगतो. इंजिन फिरते वेगाने. शेताला हवे असते बळ. पंधरा दातांच्या चाकाने पंचेचाळीस दातांचे चाक फिरवले, तर वेग एकतृतीयांश होतो आणि, घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला, तर फिरवण्याचे बळ तिप्पट होते. गिअरबॉक्सचे सारे काम या हिशेबावर चालते. दुसरी गोष्ट मला अधिक ओळखीची वाटली. दात अडकलेली दोन चाके नेहमी उलट दिशांना फिरतात. पुढे जाताना गती अशा दोन जोड्यांतून जाते. उलट्याचे उलटे होऊन दिशा मूळचीच राहते. मागे जायचे असेल तेव्हा मध्ये आणखी एक छोटे चाक येते आणि दिशा पालटते. ‘मला ठाऊक नाही असे नाही’ या वाक्यात दोन नकार एकमेकांना फेडतात आणि होकार उरतो. त्यावर आणखी एक ‘नाही’ चढवा, की पुन्हा नकार. वर्गात फळ्यावर मी हे अनेकदा समजावले आहे. तेलाने माखलेल्या तीन चाकांइतके स्पष्ट ते मला कधी करता आले नव्हते.

त्या अंगणात जी मराठी चालू होती तिच्याकडे माझे लक्ष जाणे स्वाभाविक होते. गिअरबॉक्सला दादा ‘पेटी’ म्हणत. गॅस्केटला ‘पॅकिंग’, वॉशरला ‘वायसर’. १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश केले, आणि शासनव्यवहारातील मराठी त्यांच्यामुळे उभी राहिली. ‘पारेषण’ हा शब्द विजेच्या संदर्भात रुजलाही. ‘महापारेषण’ हे नाव आपण सहज उच्चारतो. पण ट्रॅक्टरच्या पेटीला ‘पारेषण’ म्हणणारा माणूस मला बार्शीच्या बाजारात भेटलेला नाही. याचा अर्थ कोश चुकीचा आणि बाजार बरोबर, असा घाईने काढू नका. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला तेव्हाही फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. काही रुजले, काही राहिले नाहीत. आपण जे काम करीत होतो त्याचेच नाव पाहा. ‘दुरुस्त’ हा शब्द फार्सी. त्याचा अर्थ ठीक, बरोबर. म्हणूनच मराठीत यंत्राचीही दुरुस्ती होते, मुद्रितांचीही होते आणि घटनेचीही होते. ‘मिस्त्री’ पोर्तुगिजांकडून आला, ‘चावी’ही तिकडचीच. आता हे शब्द कोणालाही परके वाटत नाहीत.

ते परके का वाटत नाहीत, याचे उत्तर वहिनींच्या वहीत होते. त्यांनी लिहिले होते: ‘मोठे बोल्ट १४. वायसर १४. गोळ्या ३. स्प्रिंगा ३. लहान पिना ३. बेअरिंगे २. काटा १.’ ही नोंद पुन्हा एकदा वाचा. ‘दगड’ या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन ‘दगड’ असेच राहते. तसे ‘बोल्ट’चे ‘बोल्ट’ राहिले. ‘वीट’ स्त्रीलिंगी, तिच्या ‘विटा’. त्याच चालीने ‘पिन’च्या ‘पिना’ आणि ‘स्प्रिंग’च्या ‘स्प्रिंगा’ झाल्या. ‘घर’ नपुंसकलिंगी, त्याची ‘घरे’, तशी ‘बेअरिंगे’. पिनेला स्त्रीलिंग कोणी दिले? कोणत्याही समितीने नाही. शब्द बाहेरून आला, पण लिंग, वचन आणि विभक्ती त्याने येथली घेतली. ज्या दिवशी एखाद्या शब्दाला आपले प्रत्यय निमूटपणे लागू लागतात, त्या दिवशी तो आपल्या वस्तीत राहायला आला असे समजावे. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, हे पुस्तकात आहे व्हय? मग मला येतंय की.” त्यांना येतच होते. आपल्याला ते येते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

झाकण काढल्यावर त्याखालच्या तीन सरकत्या दांड्या निघाल्या. प्रत्येक दांडीवर एक काटा. दांडी सरकली, की काटा गिअरला जागेवर नेतो. त्या दांड्यांच्या मधून दोन जाड पिना निघाल्या आणि मधल्या दांडीच्या भोकातून तिसरी, सर्वांत बारीक, जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची पिन दादांच्या तळहातावर पडली. ते म्हणाले, “अण्णा हिला शिवळ म्हणायचे.”

मी उठून उभाच राहिलो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बैल होते त्यांना शिवळ ठाऊक असेल. जुवाच्या टोकाजवळ उभ्या बसवलेल्या, बैलाची मान जागेवर राखणाऱ्या खुंट्या म्हणजे शिवळा. बैलांच्या शेतीत जन्म गेलेल्या, तीन बोटे गमावलेल्या माझ्या वडिलांनी नव्या यंत्रातल्या एका अनोळखी तुकड्याला जुन्या औताचे नाव दिले होते. अर्थविस्ताराचे इतके चांगले उदाहरण मला प्रबंधासाठी मिळाले नव्हते. मी पिन दादांच्या हातून घेतली, निरखली, डायरी काढली, तारीख घालून शब्द नोंदवला, खाली अर्थ लिहिला. वहिनींनी त्यांच्या वहीत तिची नोंद आधीच केली होती. त्यानंतर दादांनी हाक मारली, “बापू, अठरा-एकोणीसचा दे.” मी धावलो.

पुढचे काम अवघड होते. आतला शाफ्ट काढायचा तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. पुढचा आस मध्यावर झुलता असतो. म्हणून इंजिनाचा भाग एका बाजूला कलंडू नये यासाठी आसाच्या दोन्ही अंगांना दादांनी बाभळीच्या पाचरी ठोकल्या. मागच्या चाकांना दगड लावले. इंजिनाखाली जॅक, पेटीखाली लाकडी ठोकळे, वरून तीन पायांच्या लोखंडी घोडीला टांगलेली चेन कुप्पी. “उचललेल्या वस्तूखाली हात घालायचा नाही. पडली वस्तू तर पडू दे,” असे ते मला तीन वेळा म्हणाले. अण्णांच्या हाताची आठवण त्यांनी काढली नाही. काढायची गरज नव्हती. सगळे बोल्ट सुटल्यावर पुढचा भाग पहारीने इंच इंच सरकवला आणि दोन्ही भागांत हातभर अंतर पडले. ‘व्याकरण’ या शब्दाची फोड वि, आ आणि कृ अशी होते. त्याचा मूळ अर्थच उलगडून वेगळे करणे. तो अर्थ मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. वेगळे केलेले पुन्हा त्याच क्रमाने जोडून चालवून दाखवणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या हातून तो बहुधा राहतो.

दोष सापडला. तिसऱ्या गिअरच्या दातांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या, काटा एका बाजूने खाल्ला गेला होता आणि बेअरिंग हाताने हलत होते. दुसऱ्या दिवशी मी बार्शीला सुटे भाग आणायला निघालो. दादांनी जुनी बेअरिंगे पुसून त्यांच्या कडेवरचे आकडे वाचले: ६२०८ आणि ६३०५. मी सहज विचारले, हे आकडे कशाचे? त्यांनी सांगितले ते मी तुम्हाला सांगतो, कारण शब्दाची घटकांत फोड कशी करावी याचा तो सुंदर पाठ आहे. पहिला ६ म्हणजे साधे, खोल खाचेचे गोळ्यांचे बेअरिंग. दुसरा आकडा त्याची मापमाला, म्हणजे अंगाने ते किती भरलेले आहे ते दाखवतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले, की आतल्या भोकाचे माप मिळते: ०८ म्हणजे ४० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. अर्थपूर्ण लघुतम घटकाला आपण रूपिका म्हणतो. दादांनी हा शब्द ऐकलेला नाही. त्यांनी चार आकडे तीन घटकांत फोडले, प्रत्येकाचा अर्थ सांगितला आणि न पाहिलेल्या बेअरिंगचेही माप काढून दाखवले.

एवढे ऐकूनही वहिनींनी लिहून दिलेली चिठ्ठी मी बाजेवर विसरलो आणि दुकानात आठवणीने म्हणालो, “सहा-तीन-शून्य-आठ.” दुकानदाराने तेच दिले. घरी आल्यावर ते शाफ्टवर अगदी नीट बसले, कारण आतले माप ४० हेच होते. पण बाहेरचा व्यास ६२०८चा ८० असतो आणि ६३०८चा ९०. पेटीतल्या जागेत ते जाईना. ‘काल’ आणि ‘गाल’ या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक असतो आणि अर्थ पार बदलतो. अशा जोडीला आपण लघुतम युग्म म्हणतो. मी हा पाठ शिकवतो. त्या दुपारी पुन्हा बार्शीची एसटी पकडताना तो मी शिकलो.

तिसरा आणि चौथा दिवस जोडणीत गेला. दोन भाग एकत्र आणताना शाफ्टच्या टोकाच्या खाचा क्लचप्लेटच्या खाचांत जाईनात. दादा ढकलत होते आणि मी इंजिनाचे चाक हाताने केसभर केसभर फिरवत होतो. एका क्षणी त्या जुळल्या आणि तासाभराची झटापट एका ‘टक्’मध्ये संपली. चौथ्या दिवशी सायंकाळी वीज गेली. विजेरीच्या उजेडात दादांनी तिन्ही दांड्या बसवल्या, स्प्रिंगा आणि गोळ्या घातल्या, झाकण आवळले. त्यांचे हात थरथरत होते. तेल तेवढे ओतायचे राहिले होते.

वहिनींनी कंदिलाजवळ वही उघडली आणि रकाना जुळवू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “अहो, एक पिन कमी भरते.”

दादा थकलेले होते. “मोजण्यात चुकली असशील. बारीक पिन मी ग्रीस लावून आधीच मधल्या दांडीत घातलीय.”

“तुम्ही दोनच मागितल्या. दोनच मी दिल्या. तीन निघाल्यात.” वहिनींचा आवाज चढला नाही. “लिहिलेलं आहे.”

आम्ही तिघांनी गोणपाटे झटकली, विजेरी घेऊन अंगण पाहिले. अर्धा तास गेला. हात धुवायला मी हौदाकडे गेलो. कामासाठी दादांनी दिलेला जुना सदरा चारही दिवस माझ्या अंगावर होता. रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागले.

शब्द मी डायरीत ठेवला होता आणि वस्तू खिशात.

मित्रहो, येथे खोटे लिहिणार नाही. पिन मुठीत धरून मी दोन पावले गोणपाटांच्या दिशेने गेलो होतो. चौथ्या गोणपाटाच्या काठाखाली ती सरकवायची आणि “सापडली” म्हणायचे, इतके सोपे होते. कोणाला कळले नसते. पण कंदिलाच्या उजेडात वहिनी अजून वहीत पाहत होत्या. पानावर बोट ठेवून, ओठ हलवत, पुन्हा पहिल्या ओळीपासून. आपली नोंद चुकली असेल का, हे त्या तपासत होत्या. मी गप्प राहिलो असतो, तर चूक त्यांच्या वहीच्या नावावर चढली असती. मी पिन त्यांच्या उघड्या पानावर ठेवली आणि म्हणालो, “माझ्या खिशात होती. पहिल्या दिवसापासून.”

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेल ओतलं नाही ते बरं झालं. सकाळी झाकण उघडू.”

रात्री लिंबाखाली बाजेवर पडलो असताना मी त्यांना विचारले, ती पिन नसती तर काय झाले असते? त्यांनी अंधारातच तीन बोटे आडवी धरून समजावले. तीन दांड्या. एक सरकली, की तिच्या शेजारची पिन ढकलली जाते आणि दुसरीला अडवते. मधल्या दांडीतली बारीक पिन तोच दाब पलीकडच्या तिसरीपर्यंत पोहोचवते. म्हणून एका वेळी एकच दांडी पुढे जाऊ शकते. बारीक पिन नसेल, तर कडेच्या दोन दांड्या एकदम सरकू शकतात. आमच्या ट्रॅक्टरच्या दांड्याचा तळ झिजलेला, त्यामुळे तसे होणे अवघड नव्हते. “दोन गिअर एकदम पडले तर पेटी जागच्या जागी जाम. दात तुटतात. चालत्या ट्रॅक्टरवर माणूस असतो.”

थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले, “त्र्याऐंशी साली आपण दोघं एकदम पुढं निघालो असतो, तर घराचं तेच झालं असतं.”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. बेअरिंगचा आकडा सांगावा तसे सांगितले. चाळीस वर्षे हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी त्यांना पुस्तके पाठवली, पैसे पाठवले, दिवाळीला कपडे नेले. हा विषय मात्र मी कधी काढला नाही, कारण काय बोलावे ते मला सुचत नसे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्या माणसाजवळ त्याच एका गोष्टीला शब्द नव्हता. तो अण्णांजवळ होता आणि दादांनी तो जपला होता. पहिल्या दिवशी मी ‘शिवळ’ हा शब्द अर्थासकट लिहून घेतला, असे मला वाटले होते. तो अर्थ अर्धाच होता.

मी म्हणालो, “दादा, तुम्हाला जागेवर राहावं लागलं.”

“हां. पण एक दांडी माघारी जागेवर आली, की दुसरी मोकळी होतीय. तेवढं ध्यानात ठेव.” मग घराच्या दिशेने मान वळवून म्हणाले, “तुझी वहिनी बघ. अजून दिवा चालूच आहे.”

वीज आली होती. खिडकीत वहिनी अभ्यासाची पुस्तिका घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार तास गेले. झाकण उघडले, दांड्या ओढल्या, बारीक पिन जागेवर बसली, आणि वहिनींनी शेवटच्या रकान्यात दोनाचे तीन केले. मग नव्वद नंबरचे तेल बादलीने ओतले. दादांनी ट्रॅक्टर सुरू केला, कल्टिव्हेटर जमिनीत उतरवला आणि तिसरा गिअर टाकला. बांधावर उभे राहून आम्ही दोघे ‘खट्’ची वाट पाहत होतो. ट्रॅक्टर तास संपवून वळला. दादांनी दांड्यावरचा हात काढून वर केला. सुट्या भागांचा सारा खर्च ९,४०० रुपये झाला; त्यात माझ्या एसटीच्या दुसऱ्या फेरीचे भाडे वहिनींनी वेगळ्या ओळीत लिहिले आहे.

ही हकीकत तुम्हाला सांगण्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. तुमच्यापैकी पुष्कळ जण कोणा भावासाठी, बहिणीसाठी, मुलांसाठी एकेकाळी जागेवर थांबले आहेत. आता तुमची दांडी मोकळी झाली आहे. ही पुस्तिका उघडताना आपण उशिरा आलो आणि रिकाम्या हाताने आलो, असे अनेकांना वाटते. संपर्कसत्रात मी ते चेहऱ्यांवर वाचतो. उशिराचे मी काही म्हणत नाही. पण रिकाम्या हाताने तुम्ही आलेले नाही. शिवणयंत्र, दवाखाना, चक्की, भट्टी, होडी, कारकुनाचे टेबल, जेथे तुमची वर्षे गेली, तेथली भाषा तुम्हाला येते. व्याकरणाच्या पुस्तकाला तिची गरज आहे.

म्हणून पुढच्या घटकाकडे जाण्यापूर्वी एक वही घ्या. तुमच्या रोजच्या कामातील एकच वस्तू निवडा आणि तिच्या भागांची नावे, तेथे जशी बोलतात तशी, लिहा. ‘वायसर’ म्हणत असतील तर ‘वायसर’च लिहा. प्रत्येकापुढे लिंग आणि अनेकवचन मांडा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून त्याच वस्तूचे जुने नावही नोंदवा. नोंद झाली, की वस्तू तिच्या जागेवर परत ठेवा, आणि मगच पान उलटा.